उपाशी वाफा

पानाचा हिरवेपणा मोजणाऱ्या चिमट्याने चव्वेचाळीस दाखवलं. तिने तो रुमालाने पुसला आणि शेजारच्या कोबीच्या पानाला लावला. पंचेचाळीस. तिसऱ्या पानाला त्रेचाळीस. ती सरळ उभी राहिली आणि वाफ्याच्या टोकाची पाटी वाचली, जणू सात वर्षांनंतर आज आपण भलत्याच वाफ्यात शिरलो असू. पाटीवर सातच होतं. कुंपणापलीकडे बस आगारातून साडेनऊची गाडी नेहमीसारखी कुरकुरत बाहेर पडली, चारही बाजूंच्या इमारतींच्या गॅलऱ्यांमधून कपडे वाळत होते, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त सात नंबरचा वाफा हिरवा होता. दिसायला चांगला हिरवा, भाजीवालीने त्यातला कोबी हसून हातात घ्यावा असा. पण या वाफ्याने पिवळं असायचं, खुरटलेलं असायचं, त्याचं ते कामच होतं.

संशोधन केंद्राच्या या शेतात वाफे वीस होते आणि नत्राच्या मात्रा पाच: शून्य, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. प्रत्येक मात्रेचे चार वाफे. शून्यवाल्यांना खताचा कण द्यायचा नाही, नुसतं इतरांइतकंच मोजून पाणी. कचेरीत त्यांना उपाशी वाफे म्हणत आणि तिला नत्रबाई. हे नाव पाडलं कुणी ते कळलं नव्हतं, पण एव्हाना पगारपत्रकावर तेवढं छापायचं बाकी होतं. उपाशी वाफे कशाला हवेत हे तिने नव्या लोकांना इतक्यांदा समजावलं होतं की तिला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला होता. उपाशी झाड बघितल्याशिवाय जेवलेल्या झाडाने मातीतून किती घेतलं आणि पोत्यातून किती, हे कळत नाही. आणि ते कळलं नाही तर उरलेलं नत्र पाण्याबरोबर खाली कुठे गेलं तेही कळत नाही. ते कुठे जातं हे तिला चांगलं ठाऊक होतं. शेताच्या उतारावर खाली एक वसाहत होती. तिथल्या विहिरीचं पाणी ती दर महिन्याला तपासत होती, आणि दर महिन्याला आकडा असा येत होता की तान्ह्या मुलाच्या बाटलीत ते पाणी घालू नये. सात वर्षांचा तिचा हिशेब सांगत होता की अर्ध्या मात्रेत कोबी तेवढाच येतो आणि विहिरीकडे जाणारं नत्र निम्म्याहून कमी होतं. नऊ दिवसांनी समिती बसणार होती. समितीने मान डोलावली की शेतकऱ्यांना वाटायच्या पत्रकातला पूर्ण मात्रेचा आकडा बदलणार होता. एवढ्यासाठी सात वर्षं. आणि आता सात नंबर हिरवा.

मुकादम पलीकडच्या बांधावर नळीचा सांधा आवळत बसला होता. या शेतावर तो तिच्याही आधीपासूनचा. बारा दिवसांनी निवृत्त व्हायचा होता, आणि त्यानंतर दुसऱ्या गावी मुलाकडे. तिने त्याला हाक मारली आणि साधेपणाने विचारायचं ठरवूनही तिचा आवाज चढलाच. सातमध्ये काही टाकलंत का?

तो उठला, हात झटकले, वाफ्याकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं नाही.

"पाणीच," तो म्हणाला.

"पाणी नळीतून येतं. तुम्ही वेगळं घातलंत?"

तो पुन्हा नळीच्या सांध्याकडे वळला. तो मुळात कमी बोलणारा माणूस, पण हे पाठ फिरवणं तिला खटकलं. तिला एकदम आठवलं की पहिल्या वर्षी, उपाशी वाफ्यांची पानं पहिल्यांदा पिवळी पडली तेव्हा, हाच माणूस खुरपं हातात धरून म्हणाला होता, हे बघवत नाही बाई. मोठ्या माणसाने असं म्हणावं याची तेव्हा तिला गंमत वाटली होती आणि कचेरीत तिने ते हसून सांगितलंही होतं. आता त्या वाक्याला दात फुटले. शेवटच्या वर्षी, जाता जाता, दया आली असणार त्याला. गोदामाची किल्ली त्याच्याच कमरेला. एखादी ओंजळ खत, मूठभर दया. तिला त्याचा राग आला, आणि राग येताना थोडं बरंही वाटलं, कारण राग आला की दुसरं काही वाटायला जागा उरत नाही.

प्रमुखसाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. ते वाईट माणूस नव्हते, फक्त कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय घडली असं त्यांना वाटत नसे. वाफा गाळता येतो, ते म्हणाले, एक गाळून एकोणीसवर हिशेब मांडता येतो, त्यात काही बिघडत नाही. पण कारण लागतं. कारणाला नाव लागतं. नाव नसलं की समिती आपल्याकडेच बघते. तेव्हा लिहून द्या. तिने दुपारी जेवायच्या आधीच लिहून दिलं: सात क्रमांकाच्या वाफ्यात मुकादमाने परवानगीविना खत घातल्याची दाट शक्यता आहे. दाट हा शब्द तिने दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा राहू दिला. पत्रावर आवक क्रमांक पडला. तीन वाजता मुकादमाला सांगण्यात आलं की उद्यापासून शेतात उतरायचं नाही, निवृत्तीपर्यंत गोदामाजवळ बसून राहायचं. त्याने म्हणे गोदामाची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला.

घरी पोचली तेव्हा उजेड होता. तिच्या दोन खोल्यांत संध्याकाळचा उजेड नेहमी त्याच एका खुर्चीवर येऊन बसायचा, आणि त्या खुर्चीवर ती स्वतः कधी बसत नसे. खुर्ची आईची. आई कधी इथे राहिली नव्हती, दोनदा पाहुणी म्हणून आली होती तेवढीच, पण गेल्यावर तिचं घर रिकामं करताना बाकी सगळं वाटून टाकून हिने एवढी खुर्ची टेम्पोत घालून आणली. आईला जाऊन सोळा महिने झाले होते. आई होती तोवर रोज दुपारी एक वाजता फोन यायचा. सबंध शेतात फोनला रेंज मिळायची ती एकाच ठिकाणी, सात नंबरच्या वाफ्याशेजारच्या बाकावर, म्हणून ती एकला तिथे जाऊन बसायची. आई विचारायची, जेवलीस का? ही म्हणायची, हो, जेवले, ठेवते. पुष्कळदा डबा उघडलेलाही नसायचा. मातीचे नमुने वाळत पडलेले, चाळण्या धुवायच्या, कुठलं जेवण. पण हो म्हटलं की फोन आटोपायचा. घर रिकामं करताना आईची शेजारीण मदतीला आली होती. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता ती सहज म्हणाली, तू जेवलीस म्हणून कळल्याशिवाय त्या ताट वाढून घेत नसत हो, कितीही उशीर झाला तरी. शेजारणीला वाटलं आपण काहीतरी गोड सांगितलं. ही वाट्या गुंडाळत राहिली. कामाच्या गर्दीत फोन उचललाच नाही असे किती दिवस होते याचा हिशेब तिने केला नाही; नत्राचा ग्रॅम न् ग्रॅम मोजणाऱ्या बाईला हा एक हिशेब मांडायचं धाडस झालं नाही. आणि इतक्या वर्षांत एकदाही आपण उलट विचारलं नाही, आई, तू जेवलीस का, हे तिला तेव्हा, त्या रिकाम्या स्वयंपाकघरात, पहिल्यांदा लक्षात आलं. त्याचं पुढे काय करायचं हे मात्र कळलं नाही. अजूनही कळलेलं नव्हतं.

पत्राला जोडायचा तक्ता राहिला होता. सकाळच्या तीस पानांचे तीस आकडे. एरवी ती त्यांची सरासरी काढून मोकळी व्हायची. आयुष्यभर तेच केलं होतं. सरासरी चव्वेचाळीस. पण आज साहेबांनी सगळे आकडे मागितले होते, म्हणून तिने ते ज्या क्रमाने पानं मोजली त्या क्रमाने, ओळीने, वाफ्याच्या आकाराच्या चौकटीत भरले. भरता भरता तिचा हात मंदावला. पहिल्या ओळीत एकावन्न, बावन्न, पन्नास. मग सत्तेचाळीस. मग त्रेचाळीस. शेवटच्या ओळीत तेहतीस, म्हणजे उपाशी तो उपाशीच. मुठीने फेकलेलं खत असं उतरत जात नाही. ते ठिपक्याठिपक्यांनी पडतं, इथे साठ तर तिथे तीस. हे एका कोपऱ्यातून सुरू होऊन अंगणात सांडलेल्या पाण्यासारखं पसरत, पातळ होत गेलं होतं. कोणता कोपरा? तिने कागद फिरवला, डोळ्यांपुढे शेत आणलं, कुंपण कुठे, नळी कुठे. तो बाकाचा कोपरा होता.

ओट्यावर दाण्यांची बरणी होती. उद्यासाठी भरून ठेवायची म्हणून आल्याआल्या तिने ती पिशवीतून काढली होती. तिने बरणीकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

आई गेल्यावरही ती एकला त्या बाकावर जाऊन बसायची. सवय. फोन वाजायचा नाही, डबा तेवढा उघडायचा. एक दिवस हातातून कण सांडला आणि एक पारवा चालत आला, डोकं तिरकं करून बघायला लागला. दुसऱ्या दिवशी तीन. मग तिने दाणे आणायला सुरुवात केली. पाव किलो, मग अर्धा, दुकानदार विचारायला लागला की बाई, कोंबड्या पाळल्यात का. महिन्याभरात पन्नास-साठ पारवे झाले. ते एकच्या आधीच कुंपणाच्या तारेवर येऊन रांगेने बसायचे आणि ती गेल्यावरही बसून राहायचे, दिवसभर. खाली सात नंबर. दाण्यात नत्र किती, विष्ठेत किती, पन्नास पारवे गुणिले चौदा महिने. डोक्याने तिला न विचारता गुणाकार केला, सवयीचं गाढव घरी जातं तसा. आकडा बरोबर आला. ती हसली असती, पण हसणं दाखवायला समोर कोणी नव्हतं. गेल्या हंगामातच या वाफ्याने अडतीस दाखवले होते आणि तिने हवामानाच्या माथी मारून विषय संपवला होता. एकच कोडं उरलं. इतकी विष्ठा पानांवर तिला दिसली कशी नाही? रोज सकाळी ती वाफ्यावरून जात होती. पानं नेहमी स्वच्छ असायची, ओली आणि स्वच्छ.

पाणीच, तो म्हणाला होता.

सकाळी ती कचेरीत न जाता सरळ गोदामाकडे गेली. मुकादम दाराशी एका उलट्या बादलीवर बसला होता. धुतलेला सदरा घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, एखाद्याने फोटोसाठी बसवावं तसा. कामाशिवाय बसलेला तो तिला कधी दिसलाच नव्हता. ती जवळ गेली तसा उठायला लागला, तेव्हा ती घाईने शेजारच्या पोत्यावर टेकली. बोलायला सुरुवात कुठून करायची ते समजेना. आकड्यांपासून केली. एकावन्न, सत्तेचाळीस, तेहतीस, बाकाचा कोपरा. तो ऐकत राहिला. त्याला काही नवीन कळत असल्यासारखं वाटलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"पाखरं बसतात म्हटल्यावर घाण होणारच."

"आणि तुम्ही ती धूत होतात. झारीने, रोज."

"तुम्ही यायच्या आधी. पानं खराब दिसली असती तर तुम्ही दाणे टाकायचं बंद केलं असतं." त्याने तळहात उलटे करून बघितले. "धुऊन ते खाली मातीत जाईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. इतकी वर्षं खतात काढून ध्यानात आलं नाही. काल तुम्ही विचारलंत तेव्हा आलं. मग काय सांगणार."

"मला सांगायचं होतं आधीच. पारवे नकोत म्हणून."

तो मग तिच्याकडे न बघता, समोरच्या नळ्यांच्या वेटोळ्याकडे बघत म्हणाला, "आई गेल्यावर दोन महिने तुम्ही कुणाशी बोलत नव्हता. मग त्यांच्याशी बोलायला लागलात. रोज विचारायचात त्यांना, जेवलात का म्हणून. वाफ्याला काय, परत उपाशी ठेवता येतं."

ती त्यांच्याशी बोलत होती हे तिला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. तोंड उघडून, आवाज काढून, पन्नास पारव्यांना तिने तो प्रश्न विचारला होता, जो जिला विचारायचा तिला जन्मात विचारला नाही. आणि हा माणूस बांधाआड खुरपं घेऊन ते ऐकत होता आणि सकाळी झारी भरून आणत होता. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली इतकं दुसरं काही वाटलं की तिने गोदामाच्या दारावरचे सांडलेले रंगाचे ठिपके मोजायला घेतले. सतरा होते. माफी मागायला ती आली होती. ती तिने मागितली, कोरड्या, कचेरीच्या भाषेत, माझ्याकडून चुकीचा निष्कर्ष निघाला वगैरे. तो म्हणाला, असू द्या. तिला ते पुरलं नाही, पण त्याहून जास्त मागायचं कसं ते तिला येत नव्हतं.

पत्र परत घेता येईना. आवक क्रमांक पडलेलं पत्र परत जात नाही, साहेबांनी समजावलं, त्यावर दुसरं पत्र द्यायचं. दुसरं दिलं. त्याच दुपारी मुकादमाला किल्ली परत मिळाली. मग अहवालाचा प्रश्न आला. साहेबांनी तिचा मसुदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि प्रेमानेच म्हणाले की हे असं कुणी लिहितं का? नुसतं 'पक्ष्यांचा उपद्रव' लिहा. छापील यादीतलं कारण आहे, समिती वाचणारसुद्धा नाही, वाफा गळेल, शिफारस मंजूर होईल. तुमच्या विहिरीचं काम होईल. तुम्हाला तेच हवंय ना?

तेच हवं होतं. ती दोन दिवस त्या एका शब्दापाशी बसून राहिली. उपद्रव लिहिला तर खालच्या वसाहतीचं पाणी एक वर्ष आधी सुधारायला लागणार होतं. त्यात खोटं तरी काय होतं, पक्षी होतेच. पण पक्षी आपणहून आले नव्हते. आणि पहिल्या कागदावर एका माणसाचं नाव तिने किती पटकन लिहिलं होतं, शक्यतेला दाट लावून. तेवढ्याच शाईने आता स्वतःचं नाव लिहायला हात का अडतो? शिवाय आजवर फोनवर हो, जेवले, ठेवते म्हटलं होतं तेही असंच होतं, कामापुरतं, फोन आटोपण्यापुरतं. तिने लिहिलं: सात क्रमांकाच्या वाफ्याशेजारी प्रस्तुत संशोधिका चौदा महिने रोज दुपारी पारव्यांना दाणे घालत होती. त्यांची विष्ठा वाफ्यात मिसळल्याने हा वाफा शून्य मात्रेचा राहिलेला नाही. मुकादमाच्या झारीबद्दल तिने एक ओळ लिहिली, त्याला दाखवली, आणि त्याने लिहा म्हटल्यावरच ठेवली.

समितीत कुणीतरी हसलं. एकाने विचारलं, बाई, मोर का नाही पाळलेत? तीही हसली, हसायला पाहिजे होतं म्हणून. मग ते गंभीर झाले. संशोधिकेच्या हातून एका वाफ्यात असं झालं तर बाकीच्यांची खात्री काय, असं एक जण म्हणाला, आणि तो चुकीचं बोलत नव्हता. आणखी एक हंगाम घ्यावा, असं ठरलं. सात नंबर पुन्हा उपाशी ठेवावा. पत्रक यंदा जुन्याच आकड्याने छापलं जाईल. बाहेर आल्यावर तिला खालच्या वसाहतीतली विहीर आठवली, तिच्या काठावरची निळी बादली, आणि वाढलेल्या एका वर्षाचा आकडा. तो आकडा आता तिच्या नावावर होता. त्याबद्दल स्वतःला समजवायला तिच्यापाशी काही नव्हतं.

मुकादम ठरल्या दिवशी निवृत्त झाला. भाषण झालं, घड्याळ दिलं, त्याने ते कानाला लावून बघितलं. जाताना त्याने तिला किल्ल्यांचा क्रम सांगितला, कोणतं कुलूप अडतं ते सांगितलं, आणि झारी गोदामात उंच खुंटीला टांगून ठेवली. तिला काही म्हणायचं होतं. तिने फक्त त्याचा फोन नंबर मागून घेतला, शेतावर काही अडलं तर म्हणून.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ती बाकावर जाऊन बसली. बसू नये असं कुणी सांगितलं नव्हतं. दाणे आणू नयेत एवढंच ठरलं होतं, आणि ते तिनेच ठरवलं होतं. पारवे तारेवर रांगेने आलेले होते. थोड्या वेळाने चार-पाच खाली उतरले, तिच्या चपलांभोवती फिरले, डोकं तिरकं करून बघितलं. ती त्यांच्याशी बोलली नाही. डबा मांडीवर बंदच होता. आगारातून एक गाडी निघाली, मग दुसरी. तिने फोन काढला आणि नंबर लावला, आणि पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर तिला वाटलं की ठेवून द्यावा.

"काय झालं, बाई?" त्याचा आवाज घाबरलेला होता. "सातचं काही झालं का? नळी फुटली?"

"नाही, सगळं ठीक आहे."

"मग?"

तारेवर पारवे सरकले. इतका साधा प्रश्न, दोन शब्दांचा, तोंडातून निघायला किती जड जातो याचं तिला नवल वाटलं.

"जेवलात का?" ती म्हणाली.

पलीकडे कुठेतरी भांडं सरकल्याचा आवाज, एका लहान मुलाचा आवाज, आणि मग तो म्हणाला, "नाही अजून. बसतोच आहे आता."

यापुढे काय म्हणायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक असायचं. पण आईला पुढचं बोलायला तिने कधी वेळच दिला नव्हता.

"जेवून घ्या मग," ती म्हणाली. "मी थांबते."

तिने फोन कानाशी तसाच धरून ठेवला, दुसऱ्या हाताने डबा उघडला, आणि खाली एकही कण पडू न देता हळूहळू जेवायला लागली.